मैदानाच्या वाटेने आलेली इंग्रजी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवली जाते. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. माझी पिढी पाचवीची. इंग्रजीचं पुस्तक हातात पडलं तेव्हा आम्हाला एबीसीडीसुद्धा धड लिहिता येत नव्हती. पण त्या पुस्तकाच्या आधीच आमच्याकडे इंग्रजी शब्दांचा बऱ्यापैकी साठा होता. गोल, पास, फाउल, किक, कॉर्नर, कॅप्टन, फायनल, लाइन, सेंटर. हे शब्द कोणत्याही गुरुजींनी शिकवले नव्हते. ते मैदानातून आले होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इंग्रजी हा माझा विषय नाही. पण कर्जत-खालापूर भागात उर्दू शाळेत किंवा मराठी शाळेत मुलं घालणारे पालक भेटले की बोलणं इंग्रजीवरच येऊन थांबतं. "सर, बाकी सगळं ठीक आहे, पण इंग्रजीचं काय?" या एका प्रश्नापायी कित्येक घरांनी मुलांना मातृभाषेच्या शाळेतून काढलं आहे. म्हणून इंग्रजी आपल्यापर्यंत नेमकी कोणत्या वाटांनी आली, हे एकदा नीट पाहावं असं वाटलं. त्यातली एक वाट फुटबॉलची आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा जुनी आणि लांबची आहे.

सुरुवात १८६३ पासून करू. त्या वर्षी २१ एप्रिलला भोर घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्येच आली होती. तिथून घाट चढायचा तो पालखीने, बैलगाडीने किंवा पायी. आता कर्जतहून गाडी थेट खंडाळ्याकडे चढू लागली. या कामावर एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे इंजिनिअर इंग्रज होते. दगड फोडणाऱ्या माणसाला इंग्रजी कुणी शिकवली नाही, पण लाइन, सिग्नल, गार्ड, ब्रेक, पॉइंट हे शब्द त्याच्या तोंडी बसले. पुढे गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाला कर्जतमध्ये 'बँकर' म्हणू लागले, आजही म्हणतात. बँकेशी काडीचा संबंध नसलेला हा बँकर आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतो.

त्याच १८६३ च्या २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे लोक जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तोवर इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. कुठे चेंडू हातात धरायला परवानगी होती, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हाही खेळाचाच भाग मानला जाई. डिसेंबरमध्ये नियम मंजूर झाले. नियम लिहायचे म्हणजे आधी शब्दांचे अर्थ ठरवायचे. गोल कशाला म्हणायचं, ऑफसाइड कोण, कोणती लाथ चालेल आणि कोणती नाही. याच असोसिएशन शब्दातलं मधलं अक्षर उचलून ऑक्सफर्डच्या पोरांनी 'सॉकर' हा शब्द बनवला. अमेरिकन लोक तो वापरतात म्हणून तो अमेरिकन वाटतो, पण जन्माने तो इंग्लिश आहे.

या दोन घटना एका वर्षात घडल्या हा योगायोग आहे. पण रेल्वे आणि फुटबॉल जगभर बऱ्याचदा हात धरून फिरले, हा योगायोग नाही. अर्जेंटिनातल्या रोझारियो शहरात १८८९ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी एक क्लब काढला, तो आजचा रोझारियो सेंट्रल. त्याच शहरात आयझॅक न्यूवेल नावाचे इंग्रज शिक्षक शाळा चालवत आणि मुलांना फुटबॉल खेळायला लावत. त्यांच्या नावाने १९०३ मध्ये 'न्यूवेल्स ओल्ड बॉइज' हा क्लब निघाला. ओल्ड बॉइज म्हणजे म्हातारी पोरं नव्हेत, शाळेचे माजी विद्यार्थी. आमच्या मुलांचा लाडका मेस्सी लहानपणी याच क्लबात खेळला. स्पॅनिश बोलणारं ते शहर शंभर वर्षांहून अधिक काळ एका शिक्षकाचं इंग्रजी नाव घेऊन आरोळ्या देतं आहे.

भारतात फुटबॉल आणला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींनी आणि मिशनरी शाळांनी. इथे १८९१ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मुंबईत रोव्हर्स कपचा पहिला विजेता ठरला, तो वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. त्याच वर्षी कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंग क्लब स्थापन झाला. त्याच वर्षी श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को या मुख्याध्यापकांनी कातडी चेंडू आणला आणि तिथल्या पंडित घरातल्या मुलांनी चामड्याला पाय लावायला नकार दिला. शेवटी ती मुलं खेळली. आणि त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियम झाला आणि रेफरी मैदानाबाहेरून मैदानात आला.

पुढे पन्नास वर्षांत चित्र पालटलं. १९११ मध्ये मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली. मुंबईच्या रोव्हर्स कपवर भारतीय संघाचं नाव पहिल्यांदा लागलं ते १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्स या संघाचं. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स जिंकला आणि त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँड कपही घेतला. ड्युरँड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. धर्माच्या नावाने संघ ही त्या काळाची रीत होती, क्रिकेटमध्येही हिंदू, पारशी, मुस्लिम असेच संघ होते. ती रीत गेली ते बरंच झालं. पण या इतिहासातली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून महत्त्वाची वाटते. ज्या समाजाला इंग्रजी शाळेपासून दूर राहिलेला समाज म्हटलं जात होतं, त्याची पोरं इंग्रजांच्या खेळात, इंग्रजांच्या नियमांनी, इंग्रज पलटणींना हरवत होती. ऑफसाइडचा नियम समजल्याशिवाय हे होत नाही. त्यांना नियम पाठ होते, म्हणजे त्या नियमांचे शब्दही पाठ होते.

आता प्रश्न येतो, परक्या खेळाचे शब्द तसेच घ्यायचे की आपले बनवायचे? हा वाद जर्मनीत एका शिक्षकाने हाताळला. ब्राउनश्वाइग गावचे कॉनराड कॉख जर्मन आणि प्राचीन भाषा शिकवत. १८७४ मध्ये त्यांनी शाळेत फुटबॉल सुरू केला आणि पुढच्या वर्षी जर्मनीतले पहिले नियम लिहिले. हा इंग्रजी खेळ म्हणजे परकं वेड आहे, अशी टीका झाली. कॉख यांनी खेळ सोडला नाही, त्याला जर्मन कपडे घातले. १९०३ मध्ये त्यांनी फुटबॉलच्या इंग्रजी शब्दांसाठी जर्मन शब्दांची यादी छापली. गोलला 'टोर' म्हणजे दरवाजा, ऑफसाइडला 'आबझाइट्स'. आज जर्मनीत हेच शब्द चालतात. योगायोग असा, की ज्या १८७४ मध्ये कॉख यांनी शाळेत चेंडू टाकला, त्याच वर्षी मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. आपली भाषा आणि दीन सांभाळून मुलांना इंग्रजी कशी द्यायची, हाच प्रश्न त्यांच्याही पुढे होता.

मराठीने दोन्ही केलं. वर्तमानपत्रात गोलरक्षक, बचावपटू, आघाडीपटू, मध्यंतर असे शब्द आले. मैदानात मात्र गोली, कीपर, फॉरवर्ड, हाफ टाइम राहिले. पण त्याहून जुनी एक गोष्ट आपण विसरतो. मराठी खेळांची भाषा इंग्रजांच्या आधीच पाहुण्या शब्दांनी भरली होती. मैदान फारसीतून आलं. कुस्ती फारसी. पैलवान फारसी. शर्यत हा अरबी 'शर्त'चाच मराठी अवतार. आणि सगळ्यात सुंदर शब्द आहे तालीम.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा सराव. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेतलं मंडळ आणि त्याचा फुटबॉल संघ. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर यांचा सामना असला की निम्मं शहर गोळा होतं. अरबीतला 'शिकवणे' हा अर्थ कुस्तीच्या मातीतून चालत चालत फुटबॉलच्या गवतावर पोचला. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, त्यांनीच १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था आणि बोर्डिंग उभं केलं. तालीम शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांनी एकाच शहरात जगून दाखवले.

इथे माझ्या विषयाचा आणि इंग्रजीचा धागा जुळतो. अरबी वाचणाऱ्या मुलाला आपण शब्दांची घराणी शिकवतो. ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरं धरली की इल्म, आलिम, मुअल्लिम, मालूम, तालीम हे सगळे एका घरातले शब्द म्हणून ओळखू येतात. मूळ कळलं की पाच शब्द फुकट मिळतात. हीच युक्ती इंग्रजीला लावता येते, आणि त्यासाठी फुटबॉलचे शब्द हाताशी आहेत.

पेनल्टी घ्या. लॅटिन 'पीना' म्हणजे दंड, शिक्षा. त्यातून पेनल्टी. त्यातूनच पीनल, म्हणजे दंडविषयक. इंडियन पीनल कोड हे नाव आपल्याकडे चहाच्या टपरीवरही माहीत होतं. त्यातूनच पनिश, शिक्षा करणे. आणि त्यातूनच पेन, म्हणजे वेदना. एका किकवर चार शब्द.

रेफरी घ्या. रेफर करणे म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याकडे सोपवणे. ज्याच्याकडे सोपवली तो रेफरी. सुरुवातीला दोन संघांचे दोन अंपायर असत, आणि त्यांचं जमलं नाही की वाद मैदानाबाहेरच्या रेफरीकडे जाई. शेवटचा 'ई' नीट पाहिला तर नॉमिनी, ट्रस्टी, ट्रेनी हे शब्द त्याच साच्यातले आहेत. ज्याला नॉमिनेट केलं तो नॉमिनी, ज्याच्यावर ट्रस्ट ठेवला तो ट्रस्टी. मशिदीचे ट्रस्टी मुलांना माहीत असतात, बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनी आई-वडिलांना माहीत असतो. फक्त हे तिघे भाऊ आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं.

कॅप्टनचं मूळ लॅटिन 'कापुट', म्हणजे डोकं. त्याच घरातले कॅपिटल आणि चॅप्टर. फाउलचा मूळ अर्थ घाण, कुजकट. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं थेट संस्कृत 'पूय' शब्दाशी जोडतात, म्हणजे आपला जखमेतला पू. ऑफसाइडमधल्या साइडचा अर्थ बाजू नव्हे, आपला संघ. आपल्या माणसांपासून सुटून पुढे जाऊन उभा राहिलेला तो ऑफसाइड. हे एकदा सांगितलं की तो नियमही मुलांच्या लगेच लक्षात येतो.

कोच हा तर आमच्या कर्जतचाच शब्द. इथे कोच म्हटलं की आधी रेल्वेचा डबा आठवतो. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे, तिथे बनणाऱ्या घोडागाड्या नामांकित होत्या. गावाचं नाव गाडीला मिळालं. मग एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला कोच म्हणू लागले, जणू तो त्यांना गाडीत बसवून पैलतीरी नेतो. तिथून तो शब्द खेळाच्या प्रशिक्षकाकडे गेला. म्हणजे रेल्वेचा कोच, कोचिंग क्लास आणि फुटबॉलचा कोच हे तिन्ही एकाच गावचे.

म्हणीसारखे वापरले जाणारे प्रयोगही असेच. 'लेव्हल प्लेइंग फील्ड' म्हणजे समान संधी, असं पाठ करून घेतलं तर मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. पण घाटाच्या पायथ्याशी आमची बरीचशी मैदानं उतारावर आहेत. वरून खाली खेळणाऱ्या संघाला फायदा होतो, म्हणून अर्ध्या वेळानंतर बाजू बदलतात. हे ज्याने पायाने अनुभवलं आहे त्याला सपाट मैदानाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'ओन गोल' म्हणजे आपल्याच जाळ्यात चेंडू, आपल्याच पायावर धोंडा. 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' म्हणजे खेळ सुरू असताना खांब हलवणे. शिष्यवृत्तीसाठी एक कागद नेला की दुसरा मागतात, दुसरा नेला की तिसरा, हे ज्या घराने सोसलं आहे त्या घरातल्या मुलाला हा प्रयोग आयुष्यभर लक्षात राहतो.

मात्र या वाटेच्या मर्यादा मान्य करायला हव्यात. मैदानातून शब्द येतात, वाक्यं येत नाहीत. 'पास दे', 'किक मार', 'कव्हर कर' यात क्रिया मराठीचीच राहते. शब्द आला, पण त्याचं व्याकरण मागे राहिलं. शिवाय मराठीत शिरल्यावर त्याचा अर्थ आकसतो. आमच्या मुलासाठी 'पास' म्हणजे चेंडू, परीक्षा आणि लोकलचा महिन्याचा पास. 'सेमी' म्हणजे सेमी फायनल किंवा सेमी इंग्रजी माध्यम. हे शब्द पूर्ण वाक्यात नेऊन बसवायचं काम शिक्षकालाच करावं लागतं. ब्रिटिश कौन्सिल आणि प्रीमियर लीग यांनी फुटबॉलमधून इंग्रजी शिकवण्याचा 'प्रीमियर स्किल्स इंग्लिश' नावाचा उपक्रम चालवला, त्यातही शब्दांवरून संवादाकडे जाण्यावरच भर आहे.

आणि कधी कधी शब्द अजिबातच कामी येत नाहीत. २३ जुलै १९६६ रोजी वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरी क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रात्तीन याला बाहेर काढलं. रेफरीला स्पॅनिश येत नव्हतं, कॅप्टनला जर्मन येत नव्हतं. तो दुभाषा मागत मैदानातच उभा राहिला आणि खेळ बराच वेळ खोळंबला. या गोंधळावर उपाय शोधला तो केन ॲस्टन या इंग्रज रेफरीने. चौकातल्या सिग्नलवरून त्यांना पिवळं आणि लाल कार्ड सुचलं, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती कार्डं आली. ॲस्टन पेशाने शाळामास्तर होते. समोरच्याला आपली भाषा येत नसेल तर दोष त्याचा नाही, समजेल असा मार्ग आपण काढायचा, हे शाळामास्तरलाच सुचावं यात मला नवल वाटत नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र भाषेची नाही, फाटकाची आहे. मैदानातून इंग्रजी येते हे खरं असेल, तर मैदानावर कोण जातं हे विचारावं लागेल. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ५ डिसेंबर १९२१ रोजी आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळजवळ ५० वर्षं टिकली. आपल्याकडे अशी लेखी बंदी कुणी घातली नाही, घालायची गरजच पडली नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असा उपक्रम राबवला. शाळाशाळांत चेंडू आले. त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, आणि काही सामने आमच्यापासून लोकलच्या अंतरावर, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्या दिवशी मुलींनीही चेंडूला पाय लावला, आणि त्यांचा ओरडा मुलांपेक्षा कमी नव्हता. पण नंतरच्या आठवड्यापासून चेंडू मुलांकडे राहिला. पुस्तकातले धडे मुली मुलांपेक्षा चांगले पाठ करतात, आणि तरीही तोंडी इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प होतात. हे दोन्ही मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. ओरडायची सवयच ज्यांना लागू दिली नाही, त्यांनी परक्या भाषेत आवाज कुठून काढायचा?

पालकांना मी एवढंच सांगतो की मुलाच्या इंग्रजीची सुरुवात शून्यापासून होत नाही. त्याच्याकडे रेल्वेचे शब्द आहेत, मैदानाचे शब्द आहेत, आणि अरबी-उर्दूने दिलेली शब्दांची घराणी ओळखण्याची सवय आहे. त्याला मातृभाषेच्या शाळेतून उपटून काढलं तर यातली शेवटची आणि सर्वात मोलाची गोष्ट आपण गमावतो. त्याला तिथेच ठेवा आणि शिक्षकाकडे मागणी करा, की या शब्दांची वाक्यं करून द्या. ती मागणी रास्त आहे आणि ती पुरी करणं आमचं काम आहे. आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी तासभर मैदान मोकळं असेल, तर मुलासोबत मुलीलाही पाठवा.